घारापुरी : पर्यटनाबद्दल गावकऱ्यांना काय वाटतं, हे विचारायचं कसं?

शेवाखाडी

नमस्कार मंडळी,

घारापुरी (एलिफंटा) बेटाच्या तिन्ही बंदरांत, म्हणजे वस्त्यांत (शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर) घरोघरी जाऊन पर्यटनाबद्दल गावकऱ्यांचं म्हणणं लिहून घ्यायचं ठरलं आहे. जे निघेल ते २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठेवायचं आहे. चौघांचा गट आहे, दोन मुली आणि दोन मुलगे. आगरी-कोळी बोली चौघांनाही येते. हाताशी सहा आठवडे आहेत.

कच्चे प्रश्न असे: "पर्यटनामुळे गावाचा विकास झाला का?", "घराचं उत्पन्न वाढलं का?", "आपल्या संस्कृतीवर परिणाम झाला का?", "कचरा वाढला का?", "पर्यटक आणखी वाढावेत का?" प्रत्येकाला 'अगदी मान्य' ते 'अजिबात अमान्य' असे पाच पर्याय.

अडलंय तीन ठिकाणी. किती घरं घेतली म्हणजे पुरे? लेण्यांकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर दुकान असलेली घरं आणि मासेमारीवरची घरं एकाच यादीत धरायची का? आणि पुस्तकांत डॉक्सी या अभ्यासकाची चार पायऱ्यांची शिडी सापडते (पर्यटकांबद्दल गावाला आधी आनंद, मग बेफिकिरी, मग चीड, शेवटी वैर). घारापुरी त्यातल्या कुठल्या पायरीवर आहे ते दाखवता येईल का? प्रश्नांतही काही चुकत असेल तर मोकळेपणी सांगा.

उधाणभांग

आधी प्रश्नांचं बोलू. यादी कितीही नीट केली तरी या पाच प्रश्नांतून हाती काही लागणार नाही. "विकास झाला का?" याला "झाला" हेच उत्तर येणार. दारात आलेल्याला नाही कशाला म्हणा, हे एक. कागद घेऊन आलेला माणूस दुकान हलवायला किंवा कर वाढवायला तर आला नाही ना, ही शंका दुसरी. पाच पर्यायांत मग सगळे 'मान्य'वर बोट ठेवतात आणि शेवटी तक्ता रंगतो, कळत काहीच नाही.

दुसरी अडचण "पर्यटनामुळे" या शब्दात आहे. लेणी १९८७ साली जागतिक वारसा यादीत गेली आणि समोरचं न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं. मध्ये दोनच वर्षं. साठी ओलांडलेल्या माणसाच्या आठवणीत दोन्ही मिळून एकच "तेव्हापासून" होतं. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज आली. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर चालायचा. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला. जाळ्यात मासळी कमी येते त्यात बंदराचा गाळउपसा, जहाजांच्या वाटा आणि खाडीत येणारं सांडपाणी यांचा वाटा आहे. घरात फ्रिज आला तो विजेमुळे. हे वेगळं न करता विचारलंत तर बंदराचा राग पर्यटकांच्या नावावर चढेल आणि विजेचं श्रेयही त्यांनाच मिळेल.

त्यावर उपाय सोपा आहे. तपकिरी कागदाची हातभर पट्टी घ्या, तिच्यावर आडवी रेघ ओढा आणि ही चार वर्षं खुणांनी दाखवा : लेणं, जहाज, दिवा, पूल. मग विचारा, "पाण्याची ओढाताण कधीपासून? निवट्या आणि कालवं कमी कधीपासून मिळायला लागली? पोरं बाहेर राहायला कधीपासून गेली?" माणूस बोट ठेवतो ती जागा लिहून घ्या. 'का' नंतर विचारा. आधी 'का' विचारलं की ऐकीव कारण आधी येतं आणि साल त्याला जुळवून सांगितलं जातं.

मूळ प्रश्नांच्या जागी गेल्या सात दिवसांबद्दल विचारा. गेल्या रविवारी घरातली किती माणसं पर्यटकांच्या कामावर होती, किती वाजता गेली, किती वाजता परतली? त्या आठवड्यात पर्यटकांकडून किती पैसे आले आणि त्यातले माल आणायला किती गेले? (विकायच्या वस्तू मुंबईहून आणल्या असतील तर गल्ला मोठा दिसतो आणि घरात मुरतं थोडंच. म्हणून दोन्ही आकडे शेजारी-शेजारी हवेत.) पाण्याचे किती हंडे भरले, कोणी भरले? "संस्कृतीवर परिणाम" हा प्रश्न तर काढूनच टाका. त्याला कोणी काय उत्तर द्यायचं? त्याऐवजी विचारा, जत्रा किंवा लग्न ठरवताना रविवार टाळता का?

आणि हे तीन प्रश्न जरूर घाला. "पर्यटक निम्मे झाले तर घरात सगळ्यात आधी काय बंद पडेल?" "दुप्पट झाले तर सगळ्यात आधी काय बिघडेल?" "तुमच्या मुलीने किंवा मुलाने हेच काम करावं का?" पहिल्या दोन्हींना प्रत्येक घर वेगळं उत्तर देतं आणि ते उत्तर नेमकं असतं. तिसऱ्यात धंद्याबद्दलचं खरं मत बाहेर येतं. दिवसभर दुकानावर बसून पर्यटनाची वाखाणणी करणारी बाई मुलीसाठी "नको" म्हणाली, तर त्या 'नको'ला पाच पर्यायांच्या तक्त्यापेक्षा जास्त किंमत द्या.

आता मोजणीचं. लेणी सोमवारी बंद असतात. बाकी सगळं तेच, माणसं तीच, घरं तीच, फक्त पर्यटकांची गर्दी नाही, असा दिवस दर आठवड्याला आपोआप मिळतो. त्याचा फायदा घ्या. गोण्या आणि २५ किलोचा ताणकाटा घेऊन सलग दोन आठवडे रोज संध्याकाळी शेवटची बोट गेल्यावर कचरा तोला. जेटी, पायऱ्यांचा तळ, वरचं टोक आणि तिन्ही बंदरं अशा सहा जागा वेगळ्या लिहा. सोमवारचं वजन ते गावाचं. रविवारच्या वजनातून ते वजा केलं की उरतो तो पाहुण्यांचा. यात तीन चुका हमखास होतात. पावसात गोणी भिजते आणि वजन फुगतं. ओल्या दिवसाचे आकडे वेगळे ठेवा. रविवारचा कचरा सोमवारी सकाळी झाडला गेला तर सोमवार उगाच जड दिसतो, म्हणून रविवारी रात्रीच सगळं उचललेलं हवं. आणि नुसतं वजन पाहू नका. कापलेलं एक शहाळं किलोच्या आसपास भरतं आणि पाण्याची रिकामी एक लिटरची बाटली जेमतेम २०-२५ ग्रॅम. वजनात शहाळी सगळं झाकून टाकतील. पण शहाळं कुजतं, बाटली बोटीने परत न्यावी लागते. बाटल्या नगावर मोजा.

मुलाखतींनाही सोमवारच चांगला. दुकानवाल्या बायका त्या दिवशी घरी सापडतात. मात्र भरती-ओहोटी बघून जा. उधाणाच्या दिवसांत ओहोटीला पाणी लांब हटतं, तेव्हा कालवं काढायला गेलेल्या बाईची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे, दिवस त्या मानाने मोकळे.

नमुनाआठ

किती घरं घ्यायची याचं उत्तर : सगळी. कारण गणितच तसं आहे. ९५ टक्के खात्री आणि ५ टक्क्यांचा फरक धरला तर ३०० घरांमागे १६९ घ्यावी लागतात आणि २०० घरांमागे १३२. वस्ती लहान असली की नमुना काढून वाचतं थोडंच आणि "आमच्याकडे आलेच नाहीत" हा ठपका ग्रामसभेत कायमचा बसतो. दोन जोड्या करा, प्रत्येक जोडीत एक मुलगी. एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. एका घराला पाऊण तास धरला तर एक जोडी दिवसाला पाच घरं नीट करते. सहा आठवडे पुरतात.

घरांची यादी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरून, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीवरून घ्या. मतदार यादी वापरू नका. तीत उरण-मुंबईला राहायला गेलेली माणसंही असतात आणि एकाच घरातली नावं विखुरलेली असतात. नमुना ८ मध्ये कुलूपबंद घरं निघतील. ती गाळू नका! बेटावर राहून ज्यांना सगळ्यात जास्त त्रास झाला, ते आधीच निघून गेलेले असणार. फक्त राहिलेल्यांना विचारलं तर चित्र मुळातच गोड येतं. बंद घरांपैकी दहा-पंधरा कुटुंबांचा पत्ता शेजाऱ्यांकडून घ्या आणि त्यांना एकच गोष्ट विचारा : परत यायला काय असावं लागेल?

दुकानाची घरं आणि मासेमारीची घरं हे वेगळे गट करा, पण तिसराही गट लागेल. एकाच घरात मुलगा बोटीवर, सून पायऱ्यांवर, सासरे जाळ्यावर, अशी मिश्र घरं बरीच सापडतील. त्यांना कुठल्या तरी एका खणात कोंबलं की दोन्ही खण बिघडतात. पर्यटकांचा पैसा निम्म्याहून जास्त असेल ते एक, काहीच नसेल ते दुसरं, मधलं तिसरं. बंदरं मात्र कधीही एकत्र करू नका. बोटी ज्या बाजूला लागतात तिथलं घर आणि पूर्वेच्या अंगाला मोराबंदरातलं घर यांचा पर्यटकाशी येणारा संबंधच वेगळा आहे. गावाची एकच सरासरी काढली तर मोराबंदर तिच्यात बुडून जाईल.

घरातल्या कोणाशी बोलायचं हेही आधी ठरवा. दार उघडणाऱ्याशी बोललात तर दुपारी फक्त म्हातारी माणसं आणि संध्याकाळी फक्त पुरुष मिळतात. घर क्रमांक सम असेल तर बाई, विषम असेल तर पुरुष, इतका साधा नियम पुरतो. आणि त्या व्यक्तीशी एकटीशी बोला.

नाव लिहू नका हे सगळेच सांगतात. लहान गावात तेवढं पुरत नाही. "मोराबंदर, स्त्री, साठीच्या वर, दुकान नाही" एवढं छापलं की ती कोण ते सगळ्यांना कळतं. तक्त्यात पाचपेक्षा कमी माणसं असलेला कुठलाही खण छापू नका, शेजारच्या खणात मिळवा. भरलेले फॉर्म बेटावर ठेवू नका.

डॉक्सीबद्दल. त्याने ती शिडी १९७५ साली बार्बाडोस आणि कॅनडातलं नायगारा-ऑन-द-लेक यांच्यावरून मांडली. सगळं गाव एकाच वेळी एक-एक पायरी चढतं असं ती धरून चालते. घारापुरीत एकाच रविवारी चारही पायऱ्यांवरची माणसं भेटतील, कधी एकाच घरात. गावाला एका पायरीवर बसवलं तर ज्यांचं म्हणणं वेगळं आहे त्यांच्यावर अन्याय होईल. शिडी वापरू नका.

मांडवीपार

नमुनाआठ, शिडी पार फेकून द्यायची गरज नाही. गावाला नाही, पण एकेका विषयाला ती लावता येते. पाणी, कचरा, बोटीतली जागा, मुलांचं शिक्षण. प्रत्येकाबद्दल घर कुठल्या पायरीवर आहे ते विचारलं की कशावर लोक अजून शांत आहेत आणि कशावर भडकलेत ते दिसतं. दोन वर्षांनी पुन्हा विचारायचं असेल तर याचा उपयोग होतो.

गोव्यातल्या दिवाडी आणि चोडण बेटांवरून एक गोष्ट घेण्यासारखी. तिथे "पर्यटन" म्हटलं की लोक गुळमुळीत बोलतात. फेरीबोट म्हटलं की भडाभडा बोलतात. सुटीच्या दिवशी बाहेरच्या गाड्या धक्क्यावर रांगेत लागतात आणि कामावर जाणारा, दवाखान्यात जाणारा स्थानिक त्याच रांगेत मागे राहतो. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीला बोंदेरा असतो, तेव्हा तर बेटावरच्याच माणसाला घरी पोचायला तिष्ठावं लागतं. सण गावाचा, गर्दी बाहेरची. म्हणून बोटीचे प्रश्न नेमके करा : गेल्या महिन्यात किती वेळा बोट चुकली, किती मिनिटं थांबलात, कशासाठी चालला होतात, रात्री कोणी आजारी पडलं तर पहिला फोन कोणाला? गेटवेला जाणारी बोट आणि न्हावा किंवा उरणच्या मोऱ्याकडे जाणारी गावकऱ्यांची बोट वेगवेगळी लिहा. एकीवर पर्यटकांचा धंदा आहे, दुसरीवर गावाची शाळा, बाजार आणि दवाखाना.

शेवाखाडी

सगळ्यांचे आभार. पाच पर्याय रद्द. सोमवारची कल्पना तर आम्हाला सुचलीच नसती.

आणखी दोन शंका. बोलताबोलता घरदुरुस्तीचा विषय निघणारच, तो पर्यटनात धरायचा का? आणि "पर्यटकांना रात्री राहू द्यावं का" हे थेट विचारावं का?

पाणवठा

घरदुरुस्ती धराच, पण तिला पर्यटक म्हणू नका, संरक्षित स्मारकाचा कायदा म्हणा. १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित. अंतर हद्दीपासून मोजतात, लेण्याच्या भिंतीपासून नाही. इथेच सगळा घोळ होतो आणि लोक आपलं घर बाहेर आहे असं समजून चालतात. पहिल्या १०० मीटरांत नवं बांधकाम नाही. १६ जून १९९२ च्या आधीपासून उभं असलेलं घर असेल तर दुरुस्तीची परवानगी मागता येते. नियंत्रित पट्ट्यात परवानगी घेऊन बांधता येतं. तेव्हा प्रश्न असे : घर कधीचं? दुरुस्ती कधी हवी होती? अर्ज केला का? उत्तर किती महिन्यांनी आलं? अर्जच केला नसेल तर का नाही? ज्यांनी अर्ज केलाच नाही त्यांची संख्या कुठल्याही कार्यालयात मिळत नाही, ती फक्त तुमच्या फॉर्मवर येईल. माझ्या मते अख्ख्या पाहणीतली सगळ्यात कामाची नोंद तीच ठरेल.

रात्रीच्या मुक्कामाचं थेट विचारू नका. आज पर्यटक संध्याकाळच्या बोटीने परततात, त्यामुळे "राहू द्यावं का" याला प्रत्येक जण मनात वेगळंच चित्र धरून उत्तर देईल : कोणी स्वतःच्या घरातली एक खोली, कोणी बाहेरच्या मालकाचं हॉटेल, कोणी दारूच्या पार्ट्या. तीन चित्रं वेगळी करून विचारा. घरातल्या खोलीत चार पाहुणे (स्वयंपाक घरचा), ग्रामपंचायतीची धर्मशाळा, बाहेरच्या कंपनीचं रिसॉर्ट. प्रत्येकाला हो-नाही, आणि लगेच पुढचा प्रश्न : त्या पाहुण्याला पाणी कुठून देणार? मालदीवमध्ये २००९ पासून वस्तीच्या बेटांवर अतिथीगृहांना परवानगी मिळाली आणि रिसॉर्टबाहेरच्या लोकांच्या हातीही पैसा येऊ लागला. पण त्याबरोबर पाहुण्यांच्या पोहण्याच्या कपड्यांसाठी किनाऱ्याचा वेगळा भाग आखून द्यावा लागला. गावात पाहुणा झोपला की असे करार गावानेच करायचे असतात. घारापुरीने ते आधीच बोलून ठेवावेत.

संख्येच्या मर्यादेबद्दलही कोणीतरी बोलेल. फिलिपिन्सचं बोराकाय बेट २६ एप्रिल २०१८ ला सहा महिने बंद केलं आणि उघडताना एका वेळी १९,२१५ पर्यटक, दिवसाला ६,४०५ नवे, अशी मर्यादा घातली. ते आकडे मुक्कामी पाहुण्यांचे हिशेब आहेत, घारापुरीला लागू पडणार नाहीत. इथला भार सकाळी येतो आणि संध्याकाळपर्यंत जातो. व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ पासून एका दिवसासाठी येणाऱ्यांवर ५ युरो लावले आणि रात्री राहणाऱ्यांना वगळलं. आपल्या ग्रामपंचायतीच्या जेटीवरच्या करासारखीच ती गोष्ट. म्हणून गावकऱ्यांना "दिवसाला किती पर्यटक चालतील?" विचारू नका, हा आकडा कोणालाच सांगता येत नाही. "रविवारी किती वाजता पायऱ्यांवरून हंडा घेऊन जाणं नको होतं?" हे विचारा. तो तास सगळ्यांना माहीत असतो. चार-पाच रविवार जेटीवर बसून दर अर्ध्या तासाला उतरणारी माणसं मोजली की त्या तासाला किती गर्दी होती ते आपोआप जुळवता येईल.

परवानगीचं : घरात बसून बोलायला ग्रामपंचायतीला पत्र द्या आणि पोच घ्या. लेण्यांच्या आवारात पर्यटकांना थांबवून विचारायचं असेल तर पुरातत्त्व विभागाला आधी लेखी कळवा.

उधाणभांग

पैशाच्या बाबतीत एक भर. लोकांना वाटतं लेण्यांच्या तिकिटाचा पैसा ग्रामपंचायतीला मिळतो. मिळत नाही, तो केंद्राच्या पुरातत्त्व विभागाकडे जातो. बोटीचं भाडं बोटवाल्याचं. गावाकडे येतो तो ग्रामपंचायतीचा छोटा कर, दुकानांचा गल्ला, खाणावळी आणि वाटाड्यांची कमाई. फॉर्म भरताना हे समजावायला बसू नका, आधी "तिकिटाचा पैसा कोणाकडे जातो?" विचारा आणि उत्तर जसं येईल तसं लिहा. गैरसमज किती खोल आहे तेही ग्रामसभेला कळायला हवं. सगळ्या मुलाखती संपल्यावर मात्र जेटीवर एक कागद लावून खरा हिशेब सांगा. माहिती घ्यायची आणि परत काहीच द्यायचं नाही, हे बरं नाही.

दुसरं, ऋतू. तुमचे सहा आठवडे पावसाळ्याच्या शेवटी येतात. वारा असला की बोटी बंद, गल्ला बसलेला, आणि त्या दिवसांत पर्यटक हवेहवेसे वाटतात. डिसेंबर-जानेवारीच्या गर्दीत तोच माणूस वेगळं बोलेल. पूर्ण पाहणी दोनदा नाही जमली तरी प्रत्येक बंदरातल्या दर पाचव्या घरात जानेवारीत परत जा आणि फक्त निम्मे-दुप्पटचे दोन प्रश्न विचारा. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीच्या फेरीबोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, त्यानंतरच्या डिसेंबरात बोटीची भीती वर येईल. ती वेगळ्या ओळीत लिहा.

मोजायला चिंचोके न्या. प्रत्येकाला वीस चिंचोके आणि पाच झाकणाच्या वाट्या : पैसा, पाणी, कचरा, बोट, मुलं. आधी "कशाने फायदा झाला" म्हणून वाटायला सांगा, मोजून लिहा, मग परत वीस देऊन "कशाचा त्रास झाला". काही जण प्रत्येक वाटीत चार-चार टाकून मोकळे होतात. ते टाळायला आधी सरावाचा डाव घ्या, घरात कोणती मासळी जास्त आवडते यावर. बोंबील आणि चिंबोरीत कोणी सारखे चिंचोके टाकत नाही. झाकण अशासाठी की शेजारीण डोकावली तर तिला आकडा दिसू नये.

ग्रामसभेत जाण्याआधी महिलांची सभा होते, तिथे निकाल आधी मांडा. भिंतीवर प्रत्येक बंदराचा वेगळा कागद लावा, अक्षर मोठं, टक्के नकोत, "दहा घरांपैकी सात" असं लिहा. कागदाखाली पेन दोरीने बांधून ठेवा आणि चुकलं असेल ते खोडून दुरुस्त करायला सांगा. खोडलेला कागद तसाच ग्रामसभेत न्या, नवा लिहून काढू नका.